ब्रिज मोडच्या फायरवॉलवर स्पॅम अडत नाही? आधी मेलचा रस्ता शोधा, स्कोअरला नंतर हात लावा

अकाउंट्सच्या मॅडम सकाळी सव्वानऊला मोबाइल समोर धरून उभ्या राहतात आणि म्हणतात, "अहो सर, हे बघा, परत आले ते खोट्या इनव्हॉइसचे मेल, तुम्ही तर फायरवॉल बसवली ना?" आणि आपला हात आपसूक जातो तो फायरवॉलच्या स्क्रीनवरच्या स्पॅम स्कोअरवर, म्हणजे किती पॉइंट पडले की मेलला स्पॅम म्हणायचं त्या मर्यादेवर. पाच आहे ना, साडेतीन करू, तरी आले तर तीन करू. मी पण हेच केलं होतं, भोसरी एमआयडीसीतल्या एका पार्ट्स बनवणाऱ्या युनिटमध्ये, आणि स्पॅम तसूभरही कमी झाला नाही, उलट एका जुन्या कस्टमरची परचेस ऑर्डर तीन दिवस क्वारंटाइनमध्ये (अडवलेले मेल साठवतात तिथे) पडून राहिली. स्पॅम कमी होणारच नव्हता, कारण तो मेल फिल्टरपर्यंत पोचतच नव्हता. म्हणून हा लेख मी त्या क्रमाने लिहितोय ज्या क्रमाने मी आता शोधतो, आणि स्कोअर त्यात जवळजवळ शेवटी येतो.

सेटअप कसला धरलाय ते आधी सांगतो. बाहेर इंटरनेटवाल्याचा राउटर, मग आपला दोन नेटवर्क कार्डांचा बॉक्स ब्रिज मोडमध्ये (एका कार्डावर आलेलं दुसऱ्यावरून तसंच पुढे सोडणारा), त्याच्यामागे स्विच, आणि स्विचवर ऑफिसचा स्वतःचा मेल सर्व्हर. बॉक्सवर अनटँगल हे तयार फायरवॉल सॉफ्टवेअर असेल (२०२२ मध्ये ती कंपनी अरिस्टाने घेतली), किंवा कोणीतरी डेबियन लिनक्सवर स्वतः बांधलेला ब्रिज आणि त्यावर स्पॅमअसॅसिन हा स्पॅम फिल्टर असेल, मुद्दे तेच. ब्रिज मोड लोक का घेतात तर आहे त्या आयपी बदलाव्या लागत नाहीत, राउटरला हात लावावा लागत नाही, मधे बॉक्स सरकवला की झालं. पण त्याचाच तोटा असा की बॉक्स काहीच तपासत नसला तरी नेट मस्त चालू राहतं आणि कोणाला कळतही नाही.

मेल मुळात इथून जातो का

सगळ्यात आधी हे विचारा की तुमच्या डोमेनचे मेल कुठे उतरतात. गुगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर लेख इथेच थांबवा, कारण बाहेरचा मेल त्यांच्या सर्व्हरवर उतरतो आणि तुमच्या माणसांच्या मशीनवर येतो तो ब्राउझरमधून किंवा पोर्ट ९९३ च्या एन्क्रिप्टेड आयमॅपवरून. स्पॅम फिल्टर बघतो पोर्ट २५ वरचा एसएमटीपी, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो ट्रॅफिक. तुमच्या वायरीतून पोर्ट २५ चा येणारा ट्रॅफिक जातच नाही तर बॉक्स काय अडवणार? अशा ठिकाणी फिल्टरिंग त्या मेल सेवेच्या ॲडमिन पॅनलमध्येच करायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण मेल क्लाउडवर गेले आणि फायरवॉलच्या स्पॅम मॉड्यूलचं रिन्युअल मात्र दरवर्षी भरलं जातंय अशी ऑफिसं मी पाहिली आहेत.

मेल सर्व्हर स्वतःचा असेल तर डोमेनचे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ते सांगणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदी, प्रायॉरिटीचा आकडा लहान तो आधी) काढून बघा, सगळे, फक्त पहिला नाही. भोसरीत मला हेच नडलं. पहिला एमएक्स, प्रायॉरिटी १०, मुख्य लाइनच्या आयपीवर होता आणि ती लाइन ब्रिजमधून जायची. दुसरा एमएक्स, प्रायॉरिटी २०, बॅकअप ब्रॉडबँडच्या स्टॅटिक आयपीवर होता, आणि त्या ब्रॉडबँडचा छोटा राउटर कोणीतरी कधीतरी सरळ स्विचला जोडून त्यावर पोर्ट २५ फॉरवर्ड करून ठेवलेला. चांगले सर्व्हर आधी प्रायॉरिटी १० वर जातात, पण स्पॅम पाठवणारे मुद्दाम बॅकअप एमएक्सवर जातात कारण तिकडे पहारा ढिला असतो हे त्यांना माहीत असतं. म्हणजे खरे मेल फिल्टरमधून यायचे आणि स्पॅम मागच्या दाराने, आणि मी मात्र पुढच्या दाराचं कुलूप घट्ट करत बसलो होतो.

हे ओळखायचं कसं, तर एक स्पॅम मेल घ्या, त्याचे पूर्ण हेडर उघडा आणि "रिसीव्ह्ड" च्या ओळी खालून वर वाचा. खालची ओळ सगळ्यात जुनी, वरची सगळ्यात नवी. तुमच्या मेल सर्व्हरने घातलेल्या ओळीत मेल कुठल्या आयपीवरून आला ते असतं. तिथे बाहेरच्या जगातला आयपी न दिसता बॅकअप राउटरचा आतला आयपी दिसला (पोर्ट फॉरवर्ड करताना काही राउटर असा बदल करतात) तर रस्ता सापडला. मग त्याच मेलमध्ये फिल्टरने घातलेले "एक्स-स्पॅम" ने सुरू होणारे हेडर आहेत का बघा. ते अजिबातच नसतील तर फिल्टरने तो मेल बहुतेक पाहिलेलाच नाही. पण आधी एखादा चांगला मेल उघडून खात्री करा, कारण काही बॉक्स हेडर घालायचं सेटिंग बंद ठेवून येतात.

मागची दारं अजून दोन आहेत. एक आयपीव्ही६. मेल सर्व्हरच्या नावाला ट्रिपल-ए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्त्याची नोंद) असेल आणि फिल्टरचा रूल फक्त आयपीव्ही४ साठी लिहिलेला असेल तर आयपीव्ही६ ने आलेला मेल त्याच वायरीतून, त्याच ब्रिजमधून, न तपासता पुढे जातो. दुसरं व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरीत टॅग लावून वेगळी ठेवलेली नेटवर्क. राउटर आणि स्विचमधे टॅग लावलेला ट्रॅफिक असेल तर लिनक्स ब्रिज डिफॉल्टला टॅगच्या आतलं पॅकेट आयपीटेबल्सकडे (लिनक्सच्या फायरवॉल रूलकडे) देतच नाही, त्याचं सेटिंग वेगळं चालू करावं लागतं.

वायरी

रॅकपाशी जाऊन बघा, रिमोटने नको. बॉक्सच्या बाहेरच्या पोर्टला राउटर आहे आणि आतल्या पोर्टला स्विच आहे ना? ब्रिजमध्ये वायरी उलट लागल्या तरी नेट चालतं, कारण ब्रिजला कुठली बाजू आतली याने काही फरक पडत नाही. फिल्टरला मात्र पडतो. बरेच बॉक्स फक्त बाहेरून आत येणारा एसएमटीपी तपासतात, आतून बाहेर जाणारा तपासायचं सेटिंग वेगळं असतं आणि ते बंद असतं. वायरी उलट असल्या की येणारा प्रत्येक मेल त्याला "बाहेर जाणारा" वाटतो. खात्री करायला सोपी युक्ती म्हणजे स्विचकडची वायर दोन सेकंद काढा (लंचमध्ये, सांगून) आणि स्क्रीनवर कुठलं इंटरफेस डाउन दाखवतंय ते बघा. मग मार्करने दोन्ही वायरींवर टेप लावून लिहून ठेवा, कारण साफसफाईत किंवा यूपीएस बदलताना त्या परत उलट लागतात.

आणि दोन्ही पोर्ट एकाच स्विचला जोडायची चूक करू नका, लूप होऊन सगळं ऑफिस आडवं होतं. स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून तोडणारी सोय) चालू असेल तर वाचाल, पण मग वायर काढून घातल्यावर साधारण ३० सेकंद ट्रॅफिक जात नाही, तेव्हा लगेच "बॉक्स गेला" म्हणून घाबरू नका.

तीन ठिकाणी बघा

आता मेल ब्रिजमधून जातोय हे नक्की झालं असं धरू. पुढचा प्रश्न की ब्रिज तो फिल्टरच्या हातात देतोय का. इथे मी तीन ठिकाणी बघतो. पहिलं, बाहेरच्या कार्डावर टीसीपीडम्प (वायरीतले पॅकेट दाखवणारं टूल) लावून पोर्ट २५ चे पॅकेट दिसतात का. दुसरं, पोर्ट २५ फिल्टरकडे वळवणाऱ्या रूलचा काउंटर वाढतोय का. तिसरं, फिल्टरच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाची ओळ येते का. पहिल्या ठिकाणी दिसतंय आणि दुसऱ्या ठिकाणी काउंटर शून्यावर बसलाय, तर पॅकेट ब्रिजच्या खालच्या थरातून सरळ पुढे जातायत, वर रूलपर्यंत येतच नाहीत.

स्वतः बांधलेल्या लिनक्स ब्रिजवर हे बहुतेक एकाच कारणाने होतं. ब्रिजवरचा ट्रॅफिक आयपीटेबल्सला दाखवण्याचं काम करणारा भाग कर्नल ३.१८ पासून "बीआर-नेटफिल्टर" नावाचा वेगळा मॉड्यूल झाला. तो लोड नसेल तर तुमचे रूल लिहिलेले दिसतात, एरर काही येत नाही, नेट चालतं आणि रूलला एकही पॅकेट लागत नाही. जुन्या बॉक्सवर सगळं नीट चाललेलं असतं आणि नवीन डेबियनवर हलवल्यावर स्पॅम वाढतो तो यामुळे. मॉड्यूल लोड करा, "ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स" ची व्हॅल्यू १ आहे ना बघा, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्ही गोष्टी रीबूटनंतर टिकतील अशा फाइलमध्ये लिहा. मग खरंच एकदा रीबूट करून काउंटर परत बघा. हा रीबूट टाळू नका, नाहीतर पुढच्या वेळी लाइट गेली की परत तेच.

तयार बॉक्स असेल तर बायपास रूलची, म्हणजे कोणाला न तपासता सोडायचं त्याची, यादी बघा. कोणीतरी कधी "मेल स्लो येतायत" म्हणून मेल सर्व्हरचा आयपी बायपासमध्ये टाकलेला असतो आणि टाकणारा नोकरी सोडून गेलेला असतो.

टेस्ट करताना एक काळजी घ्या, टेस्ट मेल बाहेरून पाठवा. तुमचा लॅपटॉप आणि मेल सर्व्हर एकाच स्विचवर असतील तर तुमचं पॅकेट ब्रिजपर्यंत जाणारच नाही आणि तुम्हाला वाटेल फिल्टर बंद आहे. मोबाइल हॉटस्पॉटवरूनही भरवसा नाही, कारण घरगुती आणि मोबाइल कनेक्शनवर बाहेर जाणारा पोर्ट २५ बऱ्याचदा बंद असतो. ज्याला पोर्ट २५ उघडा आहे असा बाहेरचा सर्व्हर वापरा, त्यावर स्वॅक्स नावाचं छोटं टूल टाका, आणि जीट्यूब ही टेस्ट ओळ मेलमध्ये घालून पाठवा. व्हायरस स्कॅनरसाठी जशी आयकारची फाइल तशी स्पॅमअसॅसिनसाठी ही ६८ अक्षरांची ओळ, ती सापडली की सरळ १००० पॉइंट मिळतात. ओळ मधे तुटता कामा नये, स्पेस पण नको. हा मेल इनबॉक्समध्ये आला तर स्कोअर तीन असो की पाच, काही फरक पडणार नव्हता हे सिद्ध झालं.

टीएलएस, म्हणजे खरी अडचण

इथे जरा थांबून वाचा, कारण आजच्या दिवसात ब्रिजवरचे फिल्टर आंधळे होतात ते बहुतेक इथेच. एसएमटीपी साध्या टेक्स्टमध्ये सुरू होतो, मग पाठवणारा सर्व्हर "स्टार्टटीएलएस" (टीएलएस म्हणजे एन्क्रिप्शन, ते सुरू करू) म्हणतो, समोरचा २२० देऊन तयार म्हणतो, आणि त्यापुढचं सगळं एन्क्रिप्टेड. ही सोय १९९९ पासून स्टँडर्डमध्ये आहे आणि आता मोठे मेल पाठवणारे ती मिळाली की वापरतातच. टीसीपीडम्पमध्ये अगदी डोळ्यांसमोर दिसतं. २२० चा बॅनर, ईएचएलओ (पाठवणाऱ्याचा नमस्कार), २५० च्या सातआठ ओळी, स्टार्टटीएलएस, परत २२०, आणि मग स्क्रीनभर कचरा अक्षरं. त्या कचऱ्यात विषय कुठला, मजकूर कुठला, लिंक कुठली, मधल्या बॉक्सला काहीच कळत नाही. तो मेल पुढे सोडतो.

तुमच्याकडे काय होतंय ते बघायला बाहेरच्या सर्व्हरवरून टेलनेटने पोर्ट २५ ला जोडा, ईएचएलओ द्या आणि येणाऱ्या यादीत स्टार्टटीएलएस आहे का बघा. मग तेच आतल्या मशीनवरून करा. आतून दिसतंय आणि बाहेरून दिसत नाही, याचा अर्थ बॉक्स ती ओळ मधेच काढून टाकतोय. काही फायरवॉल त्या जागी एक्स-एक्स-एक्स अशी अक्षरं भरतात, सिस्कोच्या जुन्या पिक्सपासूनची सवय आहे ती. बाहेरूनही दिसतंय, तर मेल एन्क्रिप्टेड जातायत आणि मजकूर कोणी तपासत नाहीये.

आता करायचं काय. बॉक्सला स्टार्टटीएलएस काढायला लावलं तर फिल्टर लगेच चालू होतो, आणि खूप जण इथेच खूश होऊन थांबतात. मला हे पटत नाही. तुमच्या पार्टीचे दर, बँकेची पत्रं, पगाराच्या शीट सगळं इंटरनेटवरून उघडं येणार. शिवाय ज्या पाठवणाऱ्यांनी टीएलएस सक्तीचं केलंय त्यांचे मेल येणारच नाहीत, आणि तुमच्या डोमेनवर एमटीए-एसटीएस ची (मेल टीएलएसनेच द्या असं जाहीर करणारी) पॉलिसी एनफोर्सवर लावलेली असेल तर ती पाळणारे सर्व्हर, जीमेलसकट, मेल टाकायला नकार देतील. त्यामुळे मी मजकुराची तपासणी ब्रिजवरून उचलून मेल सर्व्हरवर नेतो. एन्क्रिप्शन तिथे उलगडतंच, तिथे मिल्टरमधून (मेल सर्व्हरला फिल्टर जोडायची सोय) स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी हा दुसरा फिल्टर जोडायचा, आणि ब्रिजवर फक्त आयपीवरून होणारी कामं ठेवायची. जोडणाऱ्याचा आयपी टीएलएस असला तरी दिसतोच, तेव्हा ब्लॉकलिस्टमधले (स्पॅमसाठी बदनाम झालेल्यांच्या यादीतले) आयपी, एका आयपीवरून मिनिटाला किती कनेक्शन, हे ब्रिज छान करतो. मेल सर्व्हरला हात लावताच येत नसेल तर मधे टीएलएस स्वतः उलगडणारा गेटवे बसवा, त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट आणि एमएक्स त्याच्याकडे, पण मग तो ब्रिज राहिला नाही हे मालकांना आधीच सांगा.

डीएनएस

ब्रिजला स्वतःचा आयपी, गेटवे आणि चालणारा डीएनएस लागतो. लोक म्हणतात ब्रिज आहे, आयपी कशाला. ब्लॉकलिस्टची चौकशी, रूल अपडेट, एसपीएफ आणि डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे का ते तपासायच्या दोन पद्धती), सगळं डीएनएसवर चालतं. आणि इथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून मोकळं व्हायचं नाही. स्पॅमहाउस ही ब्लॉकलिस्ट चालवणारी संस्था अशा पब्लिक रिझॉल्व्हरवरून (सगळ्यांसाठी खुल्या डीएनएस सर्व्हरवरून) आलेल्या चौकशीला खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा एररचा कोड देतं. याचे दोन परिणाम होतात. फिल्टर नीट लिहिलेला असेल तर त्याला कुठलाच आयपी लिस्टेड दिसत नाही आणि स्पॅम आत येतो. आळशी लिहिलेला असेल, म्हणजे १२७ ने सुरू होणारं कुठलंही उत्तर "लिस्टेड" समजत असेल, तर जगातला प्रत्येक मेल अडतो.

तपासायला बॉक्सवरूनच डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) चालवून "२.०.०.१२७" पुढे झेन डॉट स्पॅमहाउस डॉट ओआरजी असं विचारा, हा कायम लिस्टेड ठेवलेला टेस्ट पत्ता आहे. १२७.०.०.२ सारखी उत्तरं आली तर ठीक, १२७.२५५ ने सुरू झालं किंवा काहीच आलं नाही तर डीएनएस बदला. बॉक्सवर किंवा आतल्या एखाद्या मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर टाकून त्याला थेट रूट सर्व्हरपासून विचारू द्या, कोणाला फॉरवर्ड करू नका. कंपनीसाठी वापरत असाल तर स्पॅमहाउसकडे रजिस्टर होऊन स्वतःची की घ्यायची सोय आहे, ती जास्त बरी. स्पॅमअसॅसिनच्या हेडरमध्ये "यूआरआयबीएल ब्लॉक्ड" असं रूलचं नाव दिसलं तर तोच रोग, तुमच्या रिझॉल्व्हरला उत्तर नाकारलंय.

यादीतल्या मेलेल्या ब्लॉकलिस्टही काढा. ओआरडीबी २००६ मध्ये बंद झाली आणि मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक आयपीला "लिस्टेड" उत्तर द्यायला सुरुवात केली, ज्यांनी ती काढली नव्हती त्यांचे सगळे मेल अडले. सॉर्ब्स २०२४ मध्ये बंद झाली, ती अजून कित्येक बॉक्समध्ये टाकलेली असणार.

आता स्कोअर

स्पॅमअसॅसिनची डिफॉल्ट मर्यादा ५.० आहे आणि ती विचार करून ठेवलेली आहे. मेल फिल्टरमधून गेला, वाचता आला, डीएनएस चालू होता आणि तरीही सुटला, तरच इथे या. हेडरमध्ये कुठले रूल लागले त्यांची नावं असतात, ती वाचा. "ऑल ट्रस्टेड" हा रूल बाहेरून आलेल्या स्पॅमला लागलेला दिसला तर फिल्टरला कुठलं नेटवर्क आपलं आणि कुठलं परकं हेच चुकीचं सांगितलंय, ट्रस्टेड नेटवर्कची यादी दुरुस्त करा. बेझचा (दाखवलेल्या मेलवरून शिकणाऱ्या भागाचा) एकही रूल दिसत नसेल तर त्याला शिकवणीच मिळालेली नाही, कमीत कमी २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. चांगले मेल म्हणजे तुमच्या ऑफिसचे खरे मेल, मराठीतली कोटेशनं, टेंडरची पत्रं, ट्रान्सपोर्टवाल्याचे एलआर, हे सगळं.

रूल अपडेट होतायत ना? जुने रूल स्पॅम सोडतात एवढंच नाही, चांगले मेल मारतात. १ जानेवारी २०१० ला स्पॅमअसॅसिनच्या एका रूलला २०१० हे साल "फार पुढची तारीख" वाटलं आणि नवीन वर्षाच्या प्रत्येक मेलला तीनच्या वर पॉइंट पडायला लागले. ज्यांचं अपडेट चालू होतं ते लवकर सुटले.

चांगल्या पार्टीला सूट द्यायची तर नुसता फ्रॉमचा पत्ता व्हाइटलिस्ट करू नका, तो कोणीही खोटा टाकू शकतो आणि खोटे इनव्हॉइस नेमके तसेच येतात. एसपीएफ किंवा डीकेआयएम पास असेल तरच सूट अशी सोय स्पॅमअसॅसिनमध्ये आहे, ती वापरा. आणि विषयाच्या आधी "स्पॅम" असा शब्द चिकटवायचं सेटिंग शक्यतो बंद ठेवा. विषय हा डीकेआयएमच्या सहीत धरलेला असतो, ब्रिजने तो बदलला की मागच्या मेल सर्व्हरवर सही फेल होते आणि नसलेली भानगड उभी राहते. वेगळं एक्स हेडर घालून आउटलुकमध्ये त्यावर रूल लावला तर सही शाबूत राहते.

अडवलेल्या मेलचं काय करायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे. "मेल मिळाला" असं २५० देऊन गुपचूप फेकून देणं हा सगळ्यात वाईट प्रकार, पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, तुम्हाला कळत नाही आला होता. एकतर तिथल्या तिथे ५५० देऊन नाकारा म्हणजे खऱ्या माणसाला बाउन्स जाईल, किंवा क्वारंटाइनमध्ये ठेवा आणि रोज सकाळी त्याची यादी एका जबाबदार माणसाला जाऊ द्या.

एकच मेल तीनदा येत असेल

हे फिल्टर लावल्यावर नव्याने सुरू झालं असेल तर स्कॅनिंग वेळ खातंय. पूर्ण मेल पाठवून झाल्यावर शेवटचा टिंब गेला की पाठवणारा उत्तराची वाट बघतो, स्टँडर्डप्रमाणे १० मिनिटं, पण सगळे तेवढं थांबत नाहीत. मधला बॉक्स मोठी ड्रॉइंगची फाइल चाळत बसतो, तो कंटाळून लाइन सोडतो आणि नंतर परत पाठवतो, इकडे मात्र पहिला मेल पोचलेला असतो. ही भानगड १९८८ च्या एका आरएफसीतच (इंटरनेटच्या स्टँडर्डच्या कागदात) लिहून ठेवलेली आहे, इतकी जुनी. मोठे मेल स्कॅनमधून वगळा, स्पॅम सहसा छोटाच असतो, आणि डीएनएसचे टाइमआउट कमी करा. लॉगमध्ये एका मेलला किती सेकंद लागले ते येतं, दोनतीनच्या वर सतत दिसत असेल तर आधी डीएनएस बघा, मग रॅम.

भोसरीत शेवटी असं झालं. प्रायॉरिटी २० चा एमएक्स काढला, टीटीएल (जुनी डीएनएस नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची तो काळ) एक दिवसाचा होता म्हणून दोन दिवस थांबलो, तरी जुना आयपी पाठ केलेले स्पॅमवाले येतच होते, मग बॅकअप राउटरवरचं पोर्ट २५ चं फॉरवर्डिंग बंद केलं तेव्हा तो रस्ता बंद झाला. उरलेला स्पॅम टीएलएसमधून येत होता, त्यासाठी मेल सर्व्हरवर आरस्पॅमडी बसवलं. ब्रिजवरचा स्कोअर त्याच दिवशी परत पाच केला.